हिशेब देणारे खलिफा : हजरत उमर फारूक (रजि.)



आरंभ माझ्याच एका उणिवेपासून करतो. काही वर्षांपूर्वी रमजानच्या अखेरीस आमच्या मशिदीत सदका-ए-फित्रची रक्कम माझ्याकडे जमा होत असे आणि ईदच्या नमाजपूर्वी ती गरजूंच्या घरी पोहोचवली जात असे. एका वर्षी ईदनंतर मोहल्ल्यातील एक तरुण आला आणि एकूण रक्कम किती जमली, ती किती घरांना दिली, असे त्याने अदबीने विचारले. पै अन् पै योग्य ठिकाणी गेली होती. तरीही तो प्रश्न मला झोंबला. इमामाच्या नियतीवर शंका घेतली जात आहे, असे वाटून मी तुटक उत्तर दिले. तो खाली मान घालून निघून गेला.

त्याच रात्री मला आठवले, की जुम्याच्या बयानात मी स्वतः कितीदा तरी हजरत उमर (रजि.) यांच्या कापडाची कथा सांगितली आहे. ती कथा आपणही बालपणापासून ऐकत आला आहात. बैतुलमालमधून प्रत्येकाच्या वाट्याला कापडाचा एकेक तुकडा आला होता. हजरत उमर (रजि.) उंचेपुरे होते, एका तुकड्यात त्यांचा पोशाख होणे शक्य नव्हते. ते मिंबरवर उभे राहिले तेव्हा श्रोत्यांमधील एकाने उठून खुलासा मागितला आणि तो मिळेपर्यंत आपण ऐकणार नाही असे सांगितले. खलिफांनी आपले पुत्र अब्दुल्लाह (रजि.) यांना पुढे बोलावले. आपला तुकडा आपण वडिलांना दिला, अशी साक्ष त्यांनी दिली, आणि मगच पुढील भाषण झाले.

ही कथा सांगताना आपण खलिफांच्या थोरवीचे गुणगान करतो. मात्र उठून उभा राहिलेल्या त्या माणसाला आपण विसरतो. त्याला कोणी दटावले नाही, त्याला फितनेखोर म्हटले नाही. असा प्रश्न जिथे सहज विचारता येतो, तो समाज हजरत उमर (रजि.) यांनी कसा घडवला, हे आज त्यांच्या चरित्रातून पाहू या.

उंट चारणारा मुलगा

हजरत उमर (रजि.) यांचा जन्म मक्केत, कुरैश वंशातील बनू अदी या कुळात झाला. हे कुळ सन्माननीय होते. परंतु बनू उमय्या किंवा बनू मख्जूम यांच्यासारखे धनाढ्य नव्हते. लहानपणी ते मक्केजवळील माळरानावर वडिलांचे उंट चारीत असत. वडील खत्ताब कठोर स्वभावाचे होते. पुढे खलिफा झाल्यावर त्या वाटेने जाताना त्यांना ते दिवस आठवत, आणि आता आपल्यावर अल्लाहखेरीज दुसरा धनी उरला नाही, या जाणिवेने त्यांचे मन भरून येई. लिहिता-वाचता येणारे लोक कुरैशमध्ये त्या काळी मोजकेच होते, हजरत उमर (रजि.) त्यांपैकी एक होते. पुढे राज्यकारभारात लेखी नोंदींना त्यांनी जे स्थान दिले, त्याच्याशी हा तपशील जुळतो.

आरंभी ते इस्लामचे कट्टर विरोधक होते. नुबुव्वतच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी इस्लाम स्वीकारला. त्यानंतर मक्का आणि मदिनेत प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या सहवासात त्यांचे शिक्षण झाले. या शिक्षणातील दोन प्रसंग आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत.

पहिला प्रसंग जकात गोळा करण्यासाठी पाठवलेल्या एका व्यक्तीचा. परतल्यावर त्याने काही माल बैतुलमालचा म्हणून पुढे ठेवला आणि काही माल आपल्याला भेट मिळाला म्हणून बाजूला काढला. प्रेषित (स.) यांनी मिंबरवरून या गोष्टीचा जाहीर निषेध केला. तो आपल्या आई-वडिलांच्या घरी बसून राहिला असता, तर ही भेट त्याच्याकडे चालून आली असती काय, असा त्यांचा प्रश्न होता.

दुसरा प्रसंग एतिकाफमधील. रात्रीच्या वेळी उम्मुल मोमिनीन हजरत सफिय्या (रजि.) भेटीस आल्या होत्या आणि प्रेषित (स.) त्यांना पोहोचवण्यास निघाले होते. दोन अन्सारी सहाबी जवळून गेले. आपल्यासोबत आपली पत्नी आहे, हे प्रेषित (स.) यांनी त्यांना थांबवून स्पष्ट केले. कोणी काही विचारलेही नव्हते. लोकांच्या मनात शंका शिरण्यापूर्वीच तिचे निरसन करणे ही प्रेषितांची सुन्नत आहे. हजरत उमर (रजि.) यांच्या साऱ्या कारभाराचे मूळ या शिकवणीत सापडते.

यतीमच्या पालकासारखा खलिफा

हिजरी सन १३ मध्ये, म्हणजे इ.स. ६३४ मध्ये, हजरत अबू बक्र (रजि.) यांच्या निधनानंतर खिलाफतीची जबाबदारी हजरत उमर (रजि.) यांच्यावर आली. पुढील सुमारे दहा वर्षांत इराक, शाम, इजिप्त आणि इराणचा मोठा भाग इस्लामी राज्यात आला. मदिनेत पूर्वी जे धन येई ते त्याच दिवशी वाटून संपत असे. आता दूरदूरच्या प्रांतांचा महसूल येऊ लागला. धन वाढले की मोह वाढतो आणि मोहासोबत लपवाछपवीही येते. खलिफांनी या धोक्याचा विचार स्वतःपासून सुरू केला.

त्यांचा उदरनिर्वाह व्यापारावर होता. खिलाफतीमुळे त्यासाठी वेळ उरेना. बैतुलमालमधून खलिफाने किती घ्यावे, हा प्रश्न त्यांनी सहाबांपुढे ठेवला. कुटुंबाची रास्त गरज भागेल तेवढे घ्यावे, हा हजरत अली (रजि.) यांचा सल्ला त्यांनी मान्य केला. आपल्याला काय मिळते हेही त्यांनी लोकांना उघडपणे सांगितले : उन्हाळ्याचा एक पोशाख, हिवाळ्याचा एक पोशाख, हज व उमरासाठी वाहन आणि कुरैशमधील मध्यम स्थितीच्या माणसाइतके अन्न. सार्वजनिक धनाशी आपले नाते ते यतीमच्या संपत्तीच्या पालकासारखे मानत. पालक संपन्न असेल तर त्याने त्या धनापासून दूर राहावे आणि गरजू असेल तर रिवाजाप्रमाणे रास्त तेवढेच घ्यावे, ही सूरह निसामधील शिकवण त्यांनी राज्यकारभाराला लागू केली.

हीच कसोटी घरातील माणसांनाही होती. त्यांचे पुत्र अब्दुल्लाह आणि उबैदुल्लाह (रजि.) इराकच्या मोहिमेवरून परतत असताना बसऱ्याचे प्रांताधिकारी अबू मूसा अशअरी (रजि.) यांनी मदिनेला पाठवायची सरकारी रक्कम त्यांच्या हाती दिली. तिच्यातून त्यांनी इराकमध्ये माल घ्यावा, मदिनेत विकावा, मुद्दल खलिफांकडे भरावे आणि नफा स्वतः ठेवावा, अशी मुभाही दिली. मुद्दल पुरेपूर भरले गेले. तरीही हजरत उमर (रजि.) यांनी एकच चौकशी केली : सैन्यातील प्रत्येकाला असेच कर्ज मिळाले होते काय? नव्हते, हे कळताच मुद्दल आणि नफा दोन्ही जमा करण्याचा हुकूम झाला. माल बुडाला असता तर आपण भरपाई केली असती, असे उबैदुल्लाह यांनी मांडले. शेवटी उपस्थितांपैकी एकाच्या सूचनेवरून हा व्यवहार भागीदारीचा ठरला. अर्धा नफा बैतुलमालला आणि अर्धा दोघा भावांना मिळाला. वाचकहो, या व्यवहारात चोरी झालेली नव्हती. खलिफांचे पुत्र म्हणून मिळालेली सवलत तेवढी होती, आणि तीही त्यांनी उघड्यावर आणली.

नोंदवही, तारीख आणि मोजमाप

बहरीनहून अबू हुरैरा (रजि.) पाच लाख दिरहम घेऊन आले, तेव्हा हा आकडा ऐकून खलिफांना आश्चर्य वाटले आणि त्यांनी तो पुन्हा विचारून घेतला. हे धन मोजून वाटावे की मापाने, अशी चर्चा लोकांपुढे झाली. याच काळात नोंदवहीची, म्हणजेच दीवानची व्यवस्था आकारास आली. कोणाला किती वार्षिक वाटा मिळेल हे नावानिशी लिहिले गेले. यादीचा आरंभ खलिफांच्या नावाने व्हावा, ही सूचना त्यांनी मान्य केली नाही, आरंभ प्रेषित (स.) यांच्या नातलगांपासून झाला आणि बनू अदी कुळ आपल्या क्रमानेच आले. आरंभीच्या मुहाजिरांना ४००० ठरले, पण पुत्र अब्दुल्लाह (रजि.) यांना ३५००. अब्दुल्लाह यांनी आई-वडिलांसोबत हिजरत केली होती. स्वतःच्या बळावर हिजरत करणाऱ्यांची बरोबरी त्यामुळे होत नाही, असे कारण खलिफांनी दिले. वाटा ठरवण्याचा निकषही असा जाहीर होता.

आपण आज जे हिजरी सन वापरतो, तेही या लेखी कारभाराचेच फळ आहे. शाबान महिन्यात रक्कम देय असल्याचा एक दस्तऐवज त्यांच्यापुढे आला, तेव्हा तो शाबान कोणत्या वर्षाचा हे कळण्यास मार्ग नव्हता. वर्षाची नोंद नसलेल्या कागदावरून कोणालाही जाब विचारता येत नाही. सहाबांच्या सल्ल्याने हिजरतीपासून वर्षगणना सुरू झाली.

इराकमधील सवादच्या सुपीक भूमीवर महसूल बसवण्यापूर्वी उस्मान बिन हुनैफ आणि हुजैफा (रजि.) यांना पाठवून तिची मोजणी करण्यात आली. वसुलीनंतरही खात्री केली जाई. कूफ्यातून दहा आणि बसऱ्यातून दहा विश्वासू माणसे मदिनेला येत आणि कोणत्याही मुस्लिमावर वा मुस्लिमेतर प्रजाजनावर जुलूम करून हा महसूल घेतलेला नाही, अशी शपथेवर साक्ष देत. ज्यांच्याकडून पैसा आला, त्यांच्या भागातील माणसांची साक्ष या हिशेबाला जोडलेली असे.

अधिकाऱ्यांचे उघडे दार

प्रांताधिकारी नेमताना हजरत उमर (रजि.) नेमणुकीचे पत्र लिहून देत आणि मुहाजिर व अन्सार यांना त्यावर साक्षीदार करीत. उंची घोड्यावर बसू नये, तलम वस्त्रे वापरू नयेत, चाळलेल्या पिठाची भाकरी खाऊ नये आणि गरजूंना दार बंद करू नये, अशा अटी त्यात असत. नेमणुकीच्या वेळी मालमत्तेची नोंद केली जाई. पुढे ती अवाजवी वाढलेली दिसल्यास खुलासा मागितला जाई आणि वाढीव भाग बैतुलमालमध्ये जाई. इजिप्तचे विजेते अम्र बिन आस (रजि.) आणि खुद्द अबू हुरैरा (रजि.) यांनाही यातून सूट नव्हती. अबू हुरैरा (रजि.) यांनी घोड्यांची पैदास आणि मिळालेले वाटे असा खुलासा दिला होता. पुढे खलिफांनीच त्यांना पुन्हा पद देऊ केले. यावरून दिसते, की हिशेब मागणे म्हणजे त्या माणसाला बेइमान ठरवणे नव्हे.

दरवर्षी हजच्या वेळी प्रांताधिकारी मक्केत येत आणि प्रजाही येई. तिथे, सर्वांसमोर, कोणाची तक्रार असल्यास त्याने उभे राहावे असे खलिफा जाहीर करीत. एकदा एक माणूस उठला. आपल्या अधिकाऱ्याने आपल्याला शंभर फटके मारले, असे त्याने सांगितले. त्याने तितकेच फटके परत मारावेत, असा निर्णय झाला. अशाने अधिकाऱ्यांचा धाक उरणार नाही, अशी चिंता अम्र बिन आस (रजि.) यांनी व्यक्त केली. खलिफा ढळले नाहीत. अखेर फिर्यादीच्या संमतीने प्रत्येक फटक्यामागे दोन दीनार, असे दोनशे दीनार देऊन तडजोड झाली.

आता हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) यांचा प्रसंग पाहा. ते कादिसियाचे सेनापती, कूफा शहर वसवणारे, आणि हयातीतच जन्नतची शुभवार्ता लाभलेल्या दहा सहाबांपैकी एक. बाजाराच्या गोंगाटामुळे त्यांनी कूफ्यातील आपल्या निवासाला दरवाजा बसवला. या दरवाजामुळे लोक आणि अधिकारी यांच्यात आडोसा झाला, असे कानी येताच खलिफांनी आपले विश्वासू तपासनीस मुहम्मद बिन मस्लमा (रजि.) यांना पाठवून तो दरवाजा जाळून टाकला.

पुढे कूफ्यातील काही लोकांनी त्यांच्याविरुद्ध तक्रारी केल्या. ते नमाजही नीट पढवत नाहीत, असेही म्हटले गेले. त्यांना पदावरून दूर करून मदिनेला बोलावण्यात आले. नमाजबाबत त्यांनी दिलेले उत्तर खलिफांना पटले, तरी चौकशी थांबली नाही. माणसे कूफ्यात गेली आणि प्रत्येक मशिदीत जाऊन त्यांनी विचारणा केली. सर्वत्र प्रशंसाच ऐकू आली. फक्त एका मशिदीत एक जण उठला आणि ते मोहिमेवर जात नाहीत, वाटणी समान करीत नाहीत, निवाडा न्यायाने करीत नाहीत, असे आरोप त्याने केले. ते खोटे होते. हजरत सअद (रजि.) यांनी त्याच्याविरुद्ध अल्लाहकडे गाऱ्हाणे मांडले, आणि म्हातारपणी त्या माणसाची झालेली दुर्दशा लोकांनी पाहिली.

या प्रसंगात दोन्ही बाजूंसाठी धडा आहे. जन्नतची शुभवार्ता लाभलेल्या सहाबींचीही चौकशी होऊ शकते, तर आपल्यापैकी कोणाचा तक्वा इतका मोठा आहे की त्याला हिशेब विचारू नये? दुसरीकडे, प्रश्न विचारण्याचा अधिकार म्हणजे खोटा आळ घेण्याची मुभा नव्हे. कुरआनने बदगुमानी आणि गीबत यांस मनाई केली आहे. पाठीमागे कुजबुज करणे ही गीबत आहे. समोर, अदबीने कागद मागणे ही अमानतीची राखण आहे. हिशेब उघडा असला की कुजबुजीला जागाच राहत नाही.

अखेरचा हिशेब

हिजरी सन २३ च्या जिलहिज महिन्यात, इ.स. ६४४ मध्ये, फजरची नमाज पढवत असताना अबू लुलू फिरोज नावाच्या इराणी गुलामाने त्यांच्यावर खंजिराचे वार केले. याच्या काही दिवस आधीच सवादच्या जमिनीवर तिला झेपणार नाही एवढा कर तर बसवला नाही ना, अशी विचारणा त्यांनी त्या दोन अधिकाऱ्यांकडे केली होती. जखम प्राणघातक होती. पाजलेले दूध जखमेतून बाहेर आले तेव्हा सर्वांना ते कळून चुकले.

मृत्युशय्येवर त्यांनी पुत्र अब्दुल्लाह (रजि.) यांना आपल्या कर्जाचा हिशेब करण्यास सांगितले. तो सुमारे ८६,००० भरला. दूरवर पसरलेल्या राज्याचा प्रमुख कर्ज ठेवून जात होता. ते कर्ज आधी आपल्या कुटुंबाच्या मालमत्तेतून फेडावे, न पुरल्यास बनू अदींकडे मागावे, तरीही न पुरल्यास कुरैशकडे, आणि त्यापलीकडे कोणाकडेही जाऊ नये, असे त्यांनी बजावले. बैतुलमालचे नाव या यादीत नव्हते.

मग हजरत आयशा (रजि.) यांच्याकडे, प्रेषित (स.) आणि अबू बक्र (रजि.) यांच्या शेजारी दफन होण्याची परवानगी मागण्यासाठी त्यांनी पुत्राला पाठवले. ती मागताना अमीरुल मोमिनीन ही पदवी वापरू नये, केवळ उमर म्हणावे, कारण आज आपण अमीर राहिलो नाही, असे त्यांनी सांगितले. खासगी विनंतीवर पदाचा भार पडू नये, याची काळजी त्यांनी अखेरच्या घटकेलाही घेतली. पुढील खलिफा निवडण्यासाठी सहा सहाबांची समिती नेमली. त्यांचे पुत्र सल्ल्यासाठी हजर राहू शकत होते. पदावर त्यांचा हक्क नव्हता. या सहांमध्ये हजरत सअद (रजि.) होते. आपण त्यांना असमर्थता किंवा बेइमानी यांमुळे दूर केले नव्हते, हे खलिफांनी त्या वेळी स्पष्टपणे नमूद केले. ज्यांची चौकशी जाहीर झाली, त्यांची निर्दोषताही जाहीर झाली.

वाचक बंधू-भगिनींनो, हे चरित्र वाचून आपण केवळ आजच्या राज्यकर्त्यांकडे बोट दाखवले, तर त्याचा लाभ अर्धाच होईल. देशात २००५ सालापासून माहितीच्या अधिकाराचा कायदा लागू आहे. रेशन दुकान, नगरपालिका, ग्रामपंचायत यांच्या कारभाराबद्दल विचारण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. शेजाऱ्यांच्या भल्यासाठी तो वापरणे ही सेवा आहे. त्याचबरोबर आपल्या मशिदीचा गल्ला, मदरशाची देणगी, जमातचा जकात निधी आणि वक्फची दुकाने यांचा जमाखर्चही लोकांपुढे यायला हवा. जो विचारतो त्याला आपण फितनेखोर ठरवत असू, तर कापडाची कथा सांगण्याचा आपल्याला हक्क राहत नाही.

पुढच्या ईदला आमच्या मशिदीच्या फलकावर एक कागद लावला. किती जमले, किती घरांना दिले, किती उरले, एवढेच त्यावर होते. ज्यांना मदत मिळाली त्यांची नावे मात्र लिहिली नाहीत, कारण गरजूची अब्रू हीदेखील अमानत आहे. बेरीज तपासून खाली सही करण्यासाठी मी त्याच तरुणाला बोलावले आणि आदल्या वर्षीच्या उत्तराबद्दल त्याची माफी मागितली. त्याने दोनदा बेरीज केली. पहिल्या ओळीत माझी दहा रुपयांची चूक निघाली.

अल्लाह तआला आपणा सर्वांना अमानत सांभाळण्याची आणि आखिरतच्या हिशेबापूर्वी इथेच आपला हिशेब चोख ठेवण्याची तौफिक देवो. आमीन.